छायाचित्रांचे दप्तर

१९२९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ ही संस्था उघडली, तेव्हा तिचे सत्तावीस वर्षांचे संचालक आल्फ्रेड बार यांच्या मनात तिचा जो आराखडा होता, त्यात चित्र आणि शिल्प या पूर्वापार प्रतिष्ठा पावलेल्या कलांच्या पंक्तीला वास्तुरचना, चित्रपट, मुद्रणकला आणि छायाचित्रण यांनाही बसविण्याचा संकल्प होता. परंतु विश्वस्तांच्या गळी हा संकल्प उतरण्यास आणि त्याला लागणारी माणसे मिळण्यास पुढे पुष्कळ काळ जावा लागला. छायाचित्रणाच्या बाबतीत तर माणूस मिळणे हेच सर्वांत अवघड होते. चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्या विद्वानांची परंपरा युरोपात शतकांची होती, शिल्पाची होती, नाण्यांची होती, चिनी मातीच्या भांड्यांचीही होती. मात्र १८३९ साली जगापुढे आलेल्या या नव्या विद्येला शंभर वर्षे पुरी होत आली तरी तिच्या इतिहासाचा साक्षेपाने अभ्यास करणारे लोक बहुधा रसायनशास्त्राचे वा यंत्रविद्येचे जाणकार असत, आणि त्यांच्या ग्रंथांत भिंगांचा, क्षारांचा व पेटंटांचा तपशील जितक्या बारकाईने नोंदलेला असे, तितकी खुद्द छायाचित्रांची वास्तपुस्त घेतलेली नसे. बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील थोरल्या वस्तुसंग्रहालयांनी १९२० नंतरच्या दशकात आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांची काही छायाचित्रे आपल्या संग्रहात दाखल करून घेतली होती. पण ती सांभाळण्याकरिता स्वतंत्र विभाग नव्हता, स्वतंत्र अभिरक्षक नव्हता, आणि हाती आलेली प्रत छायाचित्रकाराने स्वतः काढलेली की मागाहून दुसऱ्याने उतरविलेली, हे ठरविण्याची सर्वमान्य रीतही कोणी घालून दिलेली नव्हती.

ही रीत ज्यांनी घालून दिली, ते बोमाँट न्यूहॉल १९३५ साली या संस्थेत रुजू झाले ते ग्रंथपाल म्हणून. छायाचित्रणाच्या अभ्यासाचा पाया एका ग्रंथपालाच्या मेजावर घातला गेला, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. कारण हे पुस्तक कोणाचे, ही आवृत्ती कोणती, हे पान मूळचे की मागून जोडलेले, असे जे प्रश्न ग्रंथपालाला रोजच्या व्यवहारात पडतात, तेच प्रश्न त्यांनी पुढे छायाचित्राला विचारले, आणि आयुष्याची साठ वर्षे ते विचारीत राहिले.

न्यूहॉल यांचा जन्म २२ जून १९०८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या गावी झाला. वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत. आईला छायाचित्रणाचा व्यासंग होता, आणि काचेच्या निगेटिव्ह ती आपल्या डार्करूममध्ये धूत असताना जवळ उभे राहून पाहिलेले दृश्य हे त्यांच्या बालपणीच्या अगदी आरंभीच्या आठवणींपैकी एक होते. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी कलेचा इतिहास हा विषय घेतला, आणि पॉल सॅक्स यांच्या वस्तुसंग्रहालयविषयक प्रसिद्ध अभ्यासवर्गात ते तयार झाले. हा वर्ग म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतील अभिरक्षकांची टांकसाळच होती; तेथे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष वस्तू हाती घेऊन तिची लांबी-रुंदी, तिचे द्रव्य, तिची डागडुजी, तिची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी, हे सारे पारखण्याची शिस्त लावली जाई. विद्यापीठातून बाहेर पडले तेव्हा मंदीचे दिवस होते. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातील नोकरी पैशाअभावी सुटली, काही काळ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेला, पॅरिस आणि लंडन येथे थोडे शिक्षण झाले, आणि अखेर बार यांनी त्यांना बोलावून आपल्या ग्रंथालयाची मुखत्यारी दिली. मावळत्या सूर्याचा उजेड धरून स्वतः छायाचित्रे काढण्याचा आणि रात्री ती धुण्याचा नाद त्यांना तेव्हाही होताच.

१९३६ च्या वसंतात बार यांनी त्यांना बोलावून छायाचित्रणाचे एक प्रदर्शन भरवाल काय, अशी पृच्छा केली, आणि त्याकरिता पाच हजार डॉलरांची तरतूद करून दिली. सत्तावीस वर्षांच्या ग्रंथपालाच्या हाती आलेले हे काम किती मोठे होते, याची कल्पना येण्यास एवढेच ध्यानात घेतले म्हणजे पुरे की, ज्या विषयाचे प्रदर्शन मांडावयाचे त्या विषयाचा इतिहासच आधी जुळवावयाचा होता. त्याच उन्हाळ्यात त्यांचा विवाह नॅन्सी विन यांच्याशी झाला, आणि नवविवाहित जोडपे युरोपच्या प्रवासास निघाले. पण पॅरिस आणि लंडन येथे त्यांचे दिवस गेले ते संग्राहकांच्या घरचे पेटारे उघडून पाहण्यात, जुन्या शास्त्रीय मंडळांची दप्तरे चाळण्यात, आणि प्रदर्शनासाठी उसन्या आणावयाच्या वस्तूंची यादी वाढविण्यात. सल्लागार मंडळात छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन होते, कोडॅक कंपनीचे शास्त्रज्ञ केनेथ मीस होते, चित्रकार व प्रयोगशील छायाचित्रकार लास्लो मोहोली-नागी होते. एक नाव मात्र नव्हते, आणि त्या नावावाचून अमेरिकेत छायाचित्रणाची गोष्ट सुरूच करता येत नव्हती.

आल्फ्रेड स्टीग्लिट्झ तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. छायाचित्र ही कला आहे, या एका प्रतिपादनासाठी त्यांनी अर्धे शतक मासिके चालविली, कलादालने चालविली, मित्र जोडले आणि मित्र तोडले. न्यूहॉल त्यांच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवरील दालनात मोठ्या आदराने गेले, प्रदर्शनाला त्यांचे अध्यक्षपद मागितले, आणि निदान त्यांच्या हातच्या मूळ प्रती तरी मिळाव्यात अशी विनंती केली. स्टीग्लिट्झ यांनी दोन्ही गोष्टींना साफ नकार दिला. तालेवारांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या नव्या संस्थेविषयी त्यांच्या मनात अढी होती, आणि छायाचित्र हे यंत्र, विज्ञान व वृत्तपत्र यांच्या गर्दीत मांडले जाणार हे त्यांना मानवणारे नव्हते. अखेर ‘कॅमेरा वर्क’ या त्यांच्याच त्रैमासिकात छापलेल्या मुद्रित चित्रांवर न्यूहॉल यांना समाधान मानावे लागले. या नकाराने कडवट होऊन म्हाताऱ्याला इतिहासातून वगळणे तरुण संशोधकाला अशक्य नव्हते. न्यूहॉल यांनी मात्र प्रदर्शनाच्या पुढल्याच वर्षी, १९३८ मध्ये, निघालेली त्याच्या सूचिग्रंथाची सुधारलेली आवृत्ती स्टीग्लिट्झ यांनाच अर्पण केली, आणि पुढे दोघांचे संबंध स्नेहाचे झाले. ज्याने आपल्याला दार उघडले नाही त्याचेही ऋण लेखी मान्य करणे, यात इतिहासकाराची वृत्ती दिसते.

१७ मार्च १९३७ रोजी ‘छायाचित्रण : १८३९ ते १९३७’ हे प्रदर्शन उघडले. प्रेक्षक आत शिरे तो प्रथम एका मोठ्या कॅमेरा ऑब्स्क्युरापाशी, म्हणजे माणूस आत उभा राहील अशा अंधाऱ्या खोलीपाशी येई. छिद्रातून बाहेरच्या जगाची उलटी प्रतिमा भिंतीवर पडावी, हे जे प्रकाशाचे मूळ कौतुक, तेथूनच कथेला आरंभ होता. पुढील दालनांत ८४१ वस्तू मांडल्या होत्या, आणि त्यांत डागेर यांच्या पद्धतीची धातूच्या पत्र्यावरील चित्रे, टॅलबट यांच्या पद्धतीची कागदावरील चित्रे, ओल्या काचेवर काढलेली अमेरिकेतील यादवी युद्धाची दृश्ये, यंत्रे व भिंगे यांच्याबरोबर वृत्तपत्रीय छायाचित्रे, क्ष-किरणांनी काढलेली चित्रे आणि आकाशातून टिपलेली भूमी, ही सारी एका ओळीने आली होती. चार आठवड्यांनी न्यूयॉर्कचे प्रदर्शन आटोपले आणि ते अमेरिकेच्या इतर शहरांत फिरले.

या प्रदर्शनाबरोबर निघालेल्या सूचिग्रंथास न्यूहॉल यांनी जी दीर्घ प्रस्तावना लिहिली, ती त्यांच्या साऱ्या पुढील कार्याचे बीज होय. तिच्यातील विचार थोडक्यात सांगावयाचा तर असा, की छायाचित्राचे गुण चित्रकलेच्या मापाने मोजू नयेत, ते ज्या दोन नियमांतून उत्पन्न होते त्या प्रकाशाच्या व रसायनाच्या नियमांतूनच त्याच्या सौंदर्याची कसोटी काढावी. भिंग जो सूक्ष्म तपशील पकडते तो एक गुण, आणि रासायनिक थर उजेड-सावलीच्या ज्या पायऱ्या जपतो तो दुसरा गुण. हे सूत्र त्यांना सुचले ते जुन्या प्रती हाताळताना, असे मला वाटते. डागेरची पद्धत घ्या. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा लखलखीत घासावयाचा, अंधारात आयोडिनच्या वाफेवर धरावयाचा, कॅमेऱ्यात घालून उजेड दाखवावयाचा, आणि मग तापलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरला म्हणजे प्रतिमा उमटू लागे. निगेटिव्ह नाही, त्यामुळे दुसरी प्रत नाही. जे आहे ते एकच. असा पत्रा हातात घेऊन थोडा कलता करावा, कोन साधला तर शंभर वर्षांपूर्वीच्या गृहस्थाच्या कोटाचे टाके मोजता येतात, कोन चुकला तर त्या जागी पाहणाराचाच चेहरा दिसतो. टॅलबटची कागदी निगेटिव्ह याच्या उलट. कागदाचे तंतू बारीक रेघ गिळून टाकतात, पण उजेड आणि सावली यांचे थोर थोर पुंजके मागे ठेवतात. एका पद्धतीने तपशील दिला, दुसरीने घनता दिली. हे पुस्तकात छापलेल्या चित्रावरून कधीच कळले नसते, कारण छापखान्याच्या शाईत दोन्ही सारखीच करडी होतात; आणि म्हणूनच मूळ प्रत पाहिल्यावाचून छायाचित्राविषयी विधान करू नये, हा न्यूहॉल यांचा शिरस्ता बनला.

१९४० साली मॉडर्न आर्टच्या संस्थेत छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला, आणि न्यूहॉल त्याचे पहिले अभिरक्षक झाले. कलेच्या वस्तुसंग्रहालयात असा पूर्ण विभाग उघडण्याचे धैर्य करणारी ही अग्रणी संस्था होय. विभागाच्या पाठीशी डेव्हिड मॅकआल्पिन या धनिक रसिकाचा पैसा होता, आणि कॅलिफोर्नियाचे छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांचा उत्साह होता. त्या दोघांच्या मसलतीने त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी साठ छायाचित्रांचे पहिले प्रदर्शन उघडले. १९३७ च्या ८४१ वस्तूंनंतर ही साठ संख्या सहेतुक होती. आता यंत्रे नव्हती, क्ष-किरण नव्हते. आता प्रत्येक प्रत स्वतंत्र, चौकटीत, भोवती मोकळी भिंत सोडून लावलेली होती, आणि तिच्या कर्त्याचे नाव चित्रकाराच्या नावासारखे आदराने दिलेले होते. वृत्तपत्रांतील काही टीकाकारांना आणि संस्थेच्या काही विश्वस्तांना ही मांडणी मूठभरांची वाटली. त्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही, कारण छायाचित्र ही लाखो सामान्य माणसांच्या घरात पोचलेली वस्तू होती, आणि ती मोजक्या साठ प्रतींत बसण्याजोगी नव्हती.

विभाग दोन वर्षांचा होतो न होतो तोच न्यूहॉल सैन्यात दाखल झाले. विमानातून काढलेल्या छायाचित्रांचे वाचन करणाऱ्या अधिकाऱ्यांत त्यांची नेमणूक झाली, आणि ईजिप्त, उत्तर आफ्रिका व इटली येथे त्यांनी १९४५ पर्यंत हे काम केले. एकाच जागेची किंचित अंतराने काढलेली दोन छायाचित्रे दुहेरी भिंगाखाली शेजारी ठेवली म्हणजे सपाट कागदावरून इमारती उभ्या राहतात. सावलीची लांबी आणि वेळ ठाऊक असली म्हणजे भिंतीची उंची काढता येते. कालच्या आणि आजच्या चित्रात एखादी पायवाट नवी दिसली म्हणजे तेथे कोणीतरी वावरते आहे हे कळते. छायाचित्र हा पुराव्याचा कागद आहे, आणि त्याचा अर्थ वाचकाच्या प्रशिक्षणावर अवलंबून असतो, याचा याहून कठोर धडा कोणत्या विद्यापीठात मिळाला असता? या अनुभवातून पुढे १९६९ साली त्यांचा ‘एअरबॉर्न कॅमेरा’ हा ग्रंथ निघाला. युद्धाच्या काळात लंडन येथे हेल्मुट गर्नशाइम या जर्मन निर्वासित छायाचित्रकाराची व त्यांची भेट झाली, आणि जुनी इंग्रजी छायाचित्रे मातीमोलाने विकली जात आहेत तोवरच ती गोळा करा, असा आग्रह न्यूहॉल यांनी धरला. गर्नशाइम यांनी तो मानला, आणि १९५२ साली फ्रेंच संशोधक निएप्स यांनी खिडकीतून घेतलेले, आज उपलब्ध असलेले जगातील सर्वांत जुने कॅमेऱ्याचे छायाचित्र त्यांनीच शोधून काढले.

पती रणांगणावर असताना न्यूयॉर्कचा विभाग नॅन्सी न्यूहॉल यांनी चालविला. पॉल स्ट्रँड यांचे १९४५ चे आणि एडवर्ड वेस्टन यांचे १९४६ चे मोठे प्रदर्शन ही त्यांची कामगिरी. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिये-ब्रेसाँ युद्धात मारले गेले, अशी समजूत पसरल्यावरून त्यांनी त्यांच्या स्मृत्यर्थ प्रदर्शनाची सिद्धता आरंभिली. तो गृहस्थ हयात असल्याचे कळले, स्वतः न्यूयॉर्कला येऊन त्याने आपल्या चित्रांच्या निवडीत भाग घेतला, आणि १९४७ साली ते प्रदर्शन उघडले. न्यूहॉल यांच्या नावावर असलेल्या कर्तृत्वात या बाईंचा वाटा किती, याचा हिशोब इतिहासकारांनी फार उशिरा मांडावयास घेतला. गद्य त्यांचे अधिक सरस होते, चित्र आणि मजकूर यांची सांगड घालण्याची हातोटी त्यांच्याकडे अधिक होती, आणि माणसे सांभाळण्याचे कामही बहुतेक त्याच करीत.

दरम्यान संस्थेचे वारे फिरले होते. १९४३ मध्येच बार यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले होते, त्यामुळे न्यूहॉल यांचा आधारस्तंभ ढासळला होता. आणि १९४२ साली स्टायकेन यांनी ‘रोड टू व्हिक्टरी’ हे युद्धविषयक प्रदर्शन ज्या थाटाने भरविले, त्याला लोटलेली गर्दी विश्वस्तांच्या डोळ्यांत भरली होती. भिंतभर मोठी केलेली छायाचित्रे, कवी कार्ल सँडबर्ग यांचा मजकूर, आणि प्रेक्षकाला वळणावळणाने पुढे नेणारी रचना असा तो प्रकार होता. छायाचित्रसामग्री बनविणाऱ्या कंपन्यांकडून निधी उभारण्याचे आश्वासनही स्टायकेन यांच्या बाजूने दिले गेले. स्टायकेन यांना विभागाचे प्रमुख नेमून न्यूहॉल यांनी त्यांच्या हाताखाली काम करावे, असा बेत ठरला, तेव्हा १९४६ च्या मार्चमध्ये न्यूहॉल यांनी राजीनामा दिला.

या प्रसंगाकडे दोन माणसांच्या स्पर्धेचा वृत्तांत म्हणून पाहिल्यास त्याचे महत्त्व कमी होते. दोघेही आपापल्या परीने छायाचित्राचे भक्त होते. पण स्टायकेन यांना छायाचित्र हे जनतेशी बोलण्याचे साधन वाटे, आणि न्यूहॉल यांना ते एका विशिष्ट माणसाने, विशिष्ट दिवशी, विशिष्ट द्रव्यांनी घडविलेली वस्तू वाटे. स्टायकेन यांच्या विचाराचे शिखर म्हणजे १९५५ चे ‘फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन. ६८ देशांतील २७३ छायाचित्रकारांची ५०३ छायाचित्रे तेथे प्रेम, जन्म, कष्ट, मृत्यू अशा विषयांनुसार मांडलेली होती, आणि त्यांच्या मोठ्या प्रती व्यावसायिक प्रयोगशाळेत एकाच धाटणीने तयार करून घेतलेल्या होत्या. हे प्रदर्शन जगभर फिरले. १९५६ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतही ते लागले. त्याने लोकांना जे दिले ते मोठे होते, यात शंका नाही. परंतु त्या भिंतींवर छायाचित्रकाराच्या स्वतःच्या हातची प्रत उरलेली नव्हती, आणि पाहणाराला ते चित्र केव्हा, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या सांगण्यावरून काढले गेले हे कळण्याची सोय नव्हती. इतिहासाचे काम त्या सोयीवाचून होत नाही; म्हणून या वादात माझे मत न्यूहॉल यांच्या बाजूला आहे.

नोकरी गेल्यावर १९४७ साली गुगनहाइम प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि दोन वर्षांनी ‘द हिस्टरी ऑफ फोटोग्राफी’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो लिहिताना त्यांनी कादंबरीकार आणि चित्रपटांचे कथालेखक फर्डिनंड राइहर यांची मदत घेतली. प्रसंगांची ओळ कशी लावावी, वाचकाची उत्कंठा कोठे ताणावी, हे राइहर यांच्याकडून शिकल्यामुळे हा ग्रंथ वाचनीय झाला, आणि जगातील असंख्य महाविद्यालयांत तो क्रमिक पुस्तक म्हणून गेला. प्रदर्शनाच्या सूचीपासून मोजल्यास १९३७, १९३८, १९४९, १९६४ आणि १९८२ अशा पाच वेळा त्यांनी तो नव्याने घडविला.

न्यूयॉर्कमधील वर्षांवरच बहुतेक चरित्रकारांचा भर असतो. मला मात्र न्यूहॉल यांची खरी कामगिरी रॉचेस्टर येथे झाली असे वाटते. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांचा ईस्ट अॅव्हेन्यूवरील प्रासाद वस्तुसंग्रहालयात रूपांतरित करण्याचे ठरल्यावर १९४८ साली ते तेथे अभिरक्षक झाले. नोव्हेंबर १९४९ मध्ये संग्रहालय लोकांना खुले झाले, आणि १९५८ पासून १९७१ पर्यंत ते त्याचे संचालक होते. तेथे त्यांच्या हाती आले ते गाब्रिएल क्रोमर या फ्रेंच संग्राहकाचे भांडार. क्रोमर यांनी आपल्या देशात छायाचित्रणाचे राष्ट्रीय संग्रहालय व्हावे म्हणून जन्मभर खटपट केली होती. ते व्हावयाच्या आत ते वारले, आणि त्यांच्या पत्नीकडून कोडॅक कंपनीने महायुद्धाच्या तोंडावर १९३९ साली ते सारे विकत घेऊन समुद्रापार आणले. डागेरच्या काळचे पत्रे, कॅमेरे, पत्रके, व्यंगचित्रे यांच्या त्या पेट्या उघडून, प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन, तिची प्रक्रिया आणि तारीख ठरवून, नोंदपत्र लिहिण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. संग्रहालयाचे ‘इमेज’ हे नियतकालिक १९५२ मध्ये निघाले, आणि अशा एकेका वस्तूवरील लहान लहान संशोधनलेखांनी त्याची पाने भरू लागली.

याच संग्रहालयाने लुइस हाइन यांचे दप्तर वाचविले, हे मला विशेष नमूद करावेसे वाटते. कापडगिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या पोरांची छायाचित्रे हाइन यांनी बालमजुरीविरोधी समितीसाठी १९०८ पासून काढली. मुकादमाने हटकू नये म्हणून काहीतरी बहाणा करून ते आत शिरत, मुलाची उंची आपल्या कोटाच्या कोणत्या गुंडीपर्यंत येते हे पाहून मापीत, आणि खिशात हात घालून न पाहता वहीत टिपून घेत. १९३८ साली, हाइन वृद्ध व विपन्न झाले असताना, न्यूहॉल यांनी त्यांच्यावर लेख लिहून त्यांच्याकडे कलेच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. १९४० मध्ये हाइन वारले. त्यांच्या प्रती आणि निगेटिव्ह ज्या ‘फोटो लीग’ या छायाचित्रकारांच्या मंडळाकडे गेल्या होत्या, ते मंडळ १९५१ साली सरकारी संशयाच्या दडपणाखाली मोडले. मॉडर्न आर्टच्या संस्थेने तो संग्रह स्वीकारला नाही, रॉचेस्टरने स्वीकारला. आज त्या मुलांची नावे, वये आणि गिरण्यांची ठिकाणे सांगणारे कागद चित्रांसकट अभ्यासकाच्या हाती पडतात.

रॉचेस्टरचे वेतन बेताचे होते. न्यूहॉल उत्तम स्वयंपाकी होते, आणि १९५६ पासून दशकाहून अधिक काळ त्यांनी तेथील एका उपनगरी साप्ताहिकात पाककृतींचे सदर लिहिले; नॅन्सी यांनी त्याच काळात अॅन्सेल अॅडम्स यांच्याबरोबर ‘धिस इज द अमेरिकन अर्थ’ हा निसर्गरक्षणाचा प्रभावी ग्रंथ सिद्ध केला. न्यूहॉल पतिपत्नी दोघेही १९५२ साली ‘अॅपर्चर’ या छायाचित्रविषयक त्रैमासिकाच्या संस्थापकांत होते.

१९६१ मध्ये आलेला ‘द डगेरोटाइप इन अमेरिका’ हा ग्रंथ मला त्यांच्या थोरल्या इतिहासाहूनही मोलाचा वाटतो. तेथे थोर कलावंतांची माळ नाही. गावोगाव गाडीत बिऱ्हाड घालून फिरणारे, दोन डॉलरांत चेहरा काढून देणारे, जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींतून तेवढे उरलेले कारागीर आहेत. १९८० नंतरच्या दशकात नव्या पिढीच्या समीक्षकांनी न्यूहॉल यांच्यावर असा आरोप ठेवला की, त्यांनी छायाचित्राला समाजातून उचलून कलेच्या भिंतीवर टांगले. मोठ्या ग्रंथापुरता तो आरोप बराचसा खरा आहे. या पुस्तकाला तो लागू पडत नाही.

त्यांच्या इतिहासाची दुसरी मर्यादा आपल्याला अधिक जवळून जाणवते. त्याची कथा फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिका या त्रिकोणातच फिरते. ज्या दशकात लंडन व पॅरिस येथे छायाचित्रकारांची पहिली मंडळे निघाली, त्याच दशकात, १८५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईतही तसे मंडळ स्थापन झाले. मूळचे गोव्यातील मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी त्याच्या कार्यकारी मंडळात होते, मंडळाचे स्वतःचे नियतकालिक होते, आणि एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही उघडला होता. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे नामांकित व्यावसायिक झाले. थोरल्या ग्रंथाच्या मुख्य ओघात या मंडळींना जागा नाही. १९८२ साली त्याची पाचवी आवृत्ती निघाली, त्याच वर्षी न्यूयॉर्क येथेच ज्युडिथ मारा गटमन यांनी ‘थ्रू इंडियन आइज’ हे भारतीय छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले. आदल्या वर्षी जी. थॉमस यांचा भारतीय छायाचित्रणाचा इतिहास प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतील फिरत्या कारागिरांसाठी न्यूहॉल यांनी जाहिराती, शहरांच्या नामसूची आणि खासगी पत्रे धुंडाळून जे केले, ते काळबादेवी आणि रामपार्टवरील चित्रशाळांसाठी करावयास आपल्याकडे मुंबईची पंचांगवजा डिरेक्टरी, मंडळाच्या नियतकालिकाचे अंक आणि सरकारी दप्तर ही साधने आहेत, आणि आपल्या तरुण संशोधकांनी हे काम अंगावर घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१९७१ साली न्यूहॉल अल्बुकर्क येथील न्यू मेक्सिको विद्यापीठात छायाचित्रणाच्या इतिहासाचे प्राध्यापक झाले. १९७४ मध्ये वायोमिंगमधील स्नेक नदीतून तराफ्याने जात असताना काठावरचे झाड कोसळून नॅन्सी यांचा अंत झाला. त्यानंतरही अध्यापन, ग्रंथाची शेवटची आवृत्ती आणि स्वतः काढलेल्या छायाचित्रांची प्रदर्शने चालू राहिली; १९८४ मध्ये मॅकआर्थर प्रतिष्ठानाची सन्मानवृत्ती मिळाली. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी सांता फे येथे त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे ‘फोकस’ हे आत्मवृत्त त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. पतिपत्नींची पत्रे, टिपणे आणि हस्तलिखिते लॉस एंजेलिस येथील गेटी संशोधन संस्थेत अभ्यासकांसाठी ठेवलेली आहेत.